पहिला खोकला कितव्या भागात?

वाचकांचे प्रश्न, पटकथालेखिकेची उत्तरं

मागच्या अंकात संपादकांनी जाहीर केलं, की लोकप्रिय कादंबऱ्यांवरून ऐतिहासिक मालिका कशा लिहिल्या जातात याबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा. मला वाटलं, पाच-सहा पत्रं येतील. गठ्ठा आला. निम्म्या पत्रांत मला शिव्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच रास्त आहेत. तीसेक वर्षं या धंद्यात काढली. आधी सेटवर कंटिन्युइटी सांभाळायचे, मग संवाद लिहायला लागले, मग पटकथा. कातडी जाड झालीये. जमेल तेवढ्यांना उत्तरं देते.

प्रश्न : कादंबरी वाचताना रात्री दोन वाजता मी ओक्साबोक्शी रडले होते. तोच प्रसंग मालिकेत लागला तेव्हा मी भाजी चिरत होते, आणि डोळ्यांत पाणी आलं ते कांद्याचं. पुस्तकात सगळं आयतं लिहिलेलं असताना जसंच्या तसं का दाखवत नाहीत? – एक वाचक, सातारा

कांद्याचं वाक्य मी कुठेतरी वापरणार, आधीच सांगून ठेवते.

अहो, पुस्तकात जे तुम्हांला रडवतं ते पुष्कळदा घडलेलंच नसतं. ते कोणाच्या तरी मनात चाललेलं असतं आणि लेखक ते तुमच्या कानाशी येऊन सांगत असतो. कॅमेऱ्याला मन दिसत नाही. त्याला हात दिसतात, पाठ दिसते, उंबऱ्यात थबकलेलं पाऊल दिसतं.

पंधराएक वर्षांपूर्वी माझ्याकडे एका गाजलेल्या कादंबरीचं काम आलं. नाव सांगत नाही, करार अजून कपाटात आहे. काळ १८९५च्या आसपासचा, गाव वाई. नायिका बालविधवा, थोडं लिहायला-वाचायला शिकलेली, दिराच्या घरात राहणारी. एके दिवशी भावाचं पत्र येतं, ‘कायमची माहेरी निघून ये.’ यानंतर कादंबरीत आठ पानं तिचं मन आहे. लग्न, नवऱ्याचं जाणं, केशवपन, माहेरच्या विहिरीवरचा रहाट. आठव्या पानाच्या शेवटी ती ठरवते, जायचं नाही. वाचकांना ही आठ पानं पाठ होती म्हणा ना.

पहिल्या खर्ड्यात मी काय केलं? नायिका खिडकीत उभी, हातात पत्र, आणि मागून तिच्याच आवाजात त्या आठ पानांतली दोन पानं. दिग्दर्शकांनी वाचून कागद परत दिले. ‘छान श्रुतिका झालीये,’ म्हणाले.

आमच्याकडे सेट लावणारे एक काका होते. त्यांना साहित्याशी देणंघेणं नव्हतं, सीनला सामान काय लागणार एवढंच हवं होतं. ‘पत्र येतं तेव्हा बाई करत काय असतात?’ मी म्हटलं, काही नाही, पत्र वाचतात. काका म्हणाले, ‘विधवा बाई, दिराचं घर, आणि काही करत नाहीत?’

झालं, सीन तिथे सापडला. ती ओसरीवर सुपात तांदूळ निवडतेय. पत्र वाचते, घडी करून सुपाखाली सरकवते आणि निवडत राहते. खडे वेचून बाजूला. शेवटी तेच पत्र उलगडून त्यात खडे घेते, पुडी बांधते आणि परसात भिरकावून देते. तोंडातून चकार शब्द नाही. मी स्वतःवर जाम खूश.

कादंबरीकार तेव्हा हयात होते, ऐंशीच्या पुढचे. पटकथा त्यांना दाखवायची असं करारात नव्हतं, मीच आपली घेऊन गेले. त्यांनी वाचलं आणि भडकले. मला वाटलं, आठ पानं कुठे गेली म्हणून. तसं नव्हतं. ‘माझी नायिका कागद फेकणार नाही,’ म्हणाले. ‘पाठकोरा कागद? त्या घरात?’

मग ती खडे परसात झटकते, कागदावर तळहात फिरवून सुरकुत्या काढते, आणि संध्याकाळी त्याच पत्राच्या पाठीवर दुधाच्या रतिबाचा हिशेब लिहिते. दुसऱ्या दिवशी जाऊ विचारते, ‘दादांचं पत्र आलं होतं ना?’ ही म्हणते, ‘हो. या महिन्यात दूध सव्वा शेर जास्त झालं.’

कादंबरीत यातलं काही नाही. आठ पानांतलं सगळं या सीनमध्ये आलं असंही मी म्हणणार नाही. विहिरीवरचा रहाट गेला तो गेलाच.

प्रत्येक कादंबरी इतकी छळत नाही. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ची. देसाई नाटकंही लिहायचे, त्यामुळे त्यांची माणसं समोरासमोर उभी राहून बोलतात. पटकथाकाराचं अर्धं काम तिथेच होतं. ऐंशीच्या दशकात गजानन जागीरदारांनी त्यावर दूरदर्शनसाठी मालिका केली. हे तेच जागीरदार, ज्यांनी १९४४ साली प्रभातच्या ‘रामशास्त्री’त खुद्द रामशास्त्र्यांचं काम केलं होतं. म्हणजे पेशव्यांचा दरबार त्यांनी चाळीस वर्षं आधी आतून पाहिलेला. रवींद्र मंकणी माधवराव, मृणाल देव रमाबाई. माझ्या पिढीतल्या कोणालाही आज ती कादंबरी वाचायला द्या, डोळ्यांसमोर हे दोन चेहरे येणार. त्याआधी दर वाचकाचा माधवराव निराळा होता. नंतर सगळ्यांचा एकच झाला. मालिका मला आवडली होती, पण याचं थोडं वाईट वाटतं.

प्रश्न : पेशवाईतल्या पंगतीत टोमॅटोची कोशिंबीर! तुम्ही लोक अभ्यास वगैरे करता की नाही? – एक सेवानिवृत्त शिक्षक, पुणे

सर, ती मालिका माझी नव्हती. पण माझ्या सेटवर टोमॅटो आला नाही असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. होतं असं, की पंगतीचा सीन दुपारी दोनला लागतो आणि पानं वाढली जातात ती युनिटसाठी आलेल्या जेवणातून. अभ्यास सकाळी झालेला असतो. कोशिंबीर दुपारी येते.

टोमॅटो आणि बटाटा दोन्ही अमेरिका खंडातले, आपल्या स्वयंपाकघरात रुळले ते इंग्रजी अमलात. मिरचीही तिकडचीच, पण ती पोर्तुगिजांबरोबर लवकर आली, तेव्हा पेशव्यांच्या पानात ठेचा दिसला तर माफ करा. मी स्वतः एका एकादशीच्या सीनमध्ये साबुदाण्याची खिचडी लिहून बसले होते. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कंदही दक्षिण अमेरिकेतला, आणि सेलमकडचे साबुदाण्याचे कारखाने तर १९४०च्या दशकातले. वेळेवर लक्षात आलं, वऱ्याचे तांदूळ शिजले. सेफ्टी पिनचं पेटंट अमेरिकेत १८४९ला निघालं. तरी पेशवेकालीन प्रत्येक नऊवारीत आठ-दहा पिना असतात. नटीला दिवसातून चौदा तास त्या लुगड्यात वावरायचं असतं. पिन दिसली तर वरून शेला.

पण मला विचाराल तर टोमॅटो ही लहान चूक. मोठी चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. जासूद एका सीनमध्ये पुण्याहून निघतो आणि जाहिरातीनंतर उत्तर घेऊन हजर! घोड्याला घामसुद्धा नाही.

१४ जानेवारी १७६१ला पानिपत झालं. नानासाहेब पेशवे फौज घेऊन उत्तरेकडे निघालेले. बातमी त्यांना भेलशाच्या, म्हणजे आजच्या विदिशाच्या, मुक्कामी कळली, आठ-दहा दिवसांनी, तीसुद्धा एका सावकाराच्या सांकेतिक पत्रातून. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. आता ते आठ-दहा दिवस बघा. मुलगा विश्वासराव गेलाय, चुलतभाऊ गेलाय, प्रेक्षकाला ठाऊक आहे, आणि हा माणूस रोज सकाळी मुक्काम हलवून पुढे निघतोय. जेवतोय. रसदेची चौकशी करतोय. लेखकाला याहून काय पाहिजे? आणि आम्ही काय करतो, तर एक धुळीनं माखलेला स्वार आणून दोन मिनिटांत सांगून टाकतो. त्या दिवसांची चोरी टोमॅटोपेक्षा महाग पडते, सर.

प्रश्न : खुद्द शनिवारवाड्यात शूटिंग का करत नाही? सेट खोटा दिसतो. – एक वाचक, बारामती

वाडा आहे कुठे? १८२८च्या आगीत जळला. उरले ते तट, बुरूज, दिल्ली दरवाजा, वरचा नगारखाना आणि आतली जोती. दरवाज्यातून स्वार आत गेला की पुढचा शॉट दुसरीकडेच घ्यायचा. त्यासाठी मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेवरचा घाट हे वरदान आहे. मात्र तिथले खांब तुम्ही इतक्या चित्रपटांत पाहिलेत, की आता तेच ओळखीचे नट वाटतात.

प्रश्न : ऐतिहासिक मालिकेत पाणी मागतानाही ‘आम्हांस’ म्हणतात. खरंच असं बोलत होते का? आणि मराठी राज्यात एवढे उर्दू शब्द कसे? – एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

दुसऱ्याचं आधी. तू ज्यांना उर्दू म्हणतेस ते शब्द त्या काळच्या मराठीचेच होते. राजवाड्यांनी छापलेले ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड किंवा सरदेसायांनी संपादलेलं ४५ भागांचं ‘पेशवे दफ्तर’, कुठलाही खंड उघड. तजवीज, मसलत, रवाना, खातरजमा, तैनात. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, दर शब्दाला संस्कृत प्रतिशब्द दिले, तरी शंभर वर्षांनंतरच्या पत्रांत फौज ती फौजच राहिली. कादंबरीकारांनी यातला किती मसाला घालायचा ते आपापल्या जिभेनं ठरवलं. आम्ही त्यांच्यावरून घेतो, आणि वरून चॅनलचा फोन येतो, ‘गृहिणींना कळेल असं लिहा.’ गृहिणींना सगळं कळतं. त्यांच्या नावानं ज्याला कळत नाही तो बोलत असतो.

‘आम्ही’चं मात्र तुझं बरोबर आहे. पत्र कारकुनानं लिहिलेलं असतं, त्यातला ‘आम्ही’ दरबारी. तो उचलून माजघरात नेला की गंमत होते. एका नटीनं मला तालमीत विचारलं होतं, ‘ताई, रात्रीची तहान लागली तरी मी आम्ही?’ तेव्हापासून माझा साधा हिशेब आहे, दरबारात आम्ही आणि माजघरात मी. याचा उपयोगही करता येतो. माधवराव आणि राघोबादादा एकांतात बोलताहेत. ‘काका, मी सांगतो ते ऐका’ असं चाललंय. आणि मध्येच माधवराव म्हणतात, ‘आम्हांस हे मान्य नाही.’ पुतण्या उठून गेला आणि त्याच्या जागी पेशवा येऊन बसला. पार्श्वसंगीताची गरज नाही. पण पहिल्या भागापासून सगळेच ‘आम्ही आम्ही’ करत असतील, तर हा डाव खेळताच येत नाही.

मी काही शब्दांवर लाल रेघ मारते. ‘धन्यवाद’ आणि मोहिमेवर निघालेल्या नवऱ्याला ‘काळजी घ्या’. फोन ठेवताना म्हणतो आपण ते.

प्रश्न : कादंबरी चारशे पानांची. मालिका दोन वर्षं चालली. पुस्तकात नसलेल्या आत्येसासूचं कारस्थानच चार महिने! हे येतं कुठून? – एक वाचक, मडगाव

गणितातून येतं. दूरदर्शनच्या जमान्यात तेरा भाग, आठवड्याला एक, पंचवीसेक मिनिटांचा. सगळे मिळून साडेपाच तास. चारशे पानं त्यात कोंबायची, त्यामुळे भांडण व्हायचं ते काय कापायचं यावर. आता आठवड्याला सहा भाग, जाहिराती वगळून बावीस मिनिटांचे. वर्षाचे ३१२ भाग, म्हणजे ११४ तास. तुमची कादंबरी मोठ्यानं वाचली तरी पंधरा-सोळा तासांत संपेल. उरलेले तास कोणी भरायचे?

भरण्याची एक बरी रीत आहे. कादंबरीकार कुठेतरी एक ओळ टाकून पुढे गेलेला असतो. ‘मुदपाकखान्यात बायका कुजबुजत होत्या.’ त्या बायका कोण? त्यातल्या एकीचा नवरा पानिपतावरून परतलेला नाही. कुंकू पुसायचं की लावायचं हे तिला कोणी सांगत नाही. ही बाई मी लिहिली होती, आणि कादंबरीच्या पोटातूनच काढली होती. तिच्यासाठी लोकांनी पत्रं पाठवली.

आणि आत्येसासू? कबूल करते, तशी एक मीही लिहिलीये. दहा एपिसोडची बँक, म्हणजे आगाऊ तयार करून ठेवलेले भाग, हातात असली की लेखक माणसासारखा वागतो. बँक संपली, रात्री अकराला उद्याचा सीन पाहिजे, की आत्येसासू दुधात काहीतरी कालवते.

प्रश्न : एक जुनी ऐतिहासिक कादंबरी मला वेबसिरीजसाठी लिहायची आहे. लेखक वारले आहेत, मग परवानगी कोणाची? आणि इतिहास तर सगळ्यांचाच ना? – एक नवोदित, लातूर

इतिहास सगळ्यांचा, कादंबरी नाही. माधवराव थेऊरला गेले हे कोणीही लिहावं. तिथे त्यांच्या तोंडी कादंबरीकारानं घातलेलं वाक्य त्याचं. लेखक गेल्यानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतात. हरि नारायण आपटे १९१९ला गेले, त्यांचा ‘उषःकाल’ खुशाल घ्या. रणजित देसाई १९९२ला गेले, म्हणजे २०५२ संपेपर्यंत विचारायचं.

प्रकाशकाला विचारून भागेलच असं नाही, पडद्याचे हक्क पुष्कळदा लेखकानं स्वतःकडे ठेवलेले असतात. जे ठरेल ते कागदावर. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणि हक्क घेऊन वर्षभर वापरलेच नाहीत तर ते सुटतात, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. निर्मात्याच्या वकिलाला हे माहीत असतं. वारसांना सहसा नसतं. तुम्ही त्यांना सांगितलंत तर पुढचं बोलणं सोपं जाईल, माझा अनुभव आहे.

प्रश्न : शेवटी माधवराव जाणार हे पहिल्या भागापासून माहीत असतं. शेवट ठाऊक असलेली गोष्ट तुम्ही कशी काय रंगवता? – एक वाचक, इंदूर

शेवट ठाऊक असतो म्हणूनच बघतात हो. १८ नोव्हेंबर १७७२, थेऊर, चिंतामणीचं देऊळ, वय सत्तावीस, आणि मागोमाग रमाबाई सती. हे ज्याला माहीत आहे तो राक्षसभुवनच्या विजयालाही पोटात गोळा घेऊन बघतो. १७६३चा ऑगस्ट, अजून नऊ वर्षं. पुढे काय होणार याची त्याला चिंता नसते, किती उरलंय ते तो मोजत असतो. मोजू द्यायचं.

पण त्याला मोजायला काहीतरी द्यावं लागतं. क्षयानं जाणाऱ्या नायकाच्या गोष्टीत सगळ्यात अवघड निर्णय म्हणजे पहिला खोकला कितव्या भागात. कादंबरीकार एका वाक्यात सांगतो, की प्रकृती हळूहळू ढासळू लागली. पडद्यावर ‘हळूहळू’ दाखवायला एक तारीख लागते.

माझ्या एका मालिकेचा नायकही क्षयानंच जाणारा. आम्ही तिघांनी बसून दोन दिवस वाद घातला आणि भाग ४१ ठरवला. दरबार भरलाय, तो मुजरे घेतोय, आणि एकदाच उपरण्याचं टोक तोंडाशी नेतो. खोकतो. कोणी वळून बघत नाही, तोही बघत नाही. नटानं असं सुरेख केलं, की मॉनिटरपाशी बसलेल्या माझ्या अंगावर काटा आला. दुसरा टेक घेतलाच नाही.

भाग लागला. खोकला नाही! मी फोन केला. एडिटिंगला बसलेला मुलगा नवा होता, बिचारा उत्साहात म्हणाला, ‘मॅडम, साउंडमध्ये डिस्टर्बन्स होता. मी क्लीन केला.’

पुढे सत्तराव्या भागात वैद्य नाडी धरून सांगतो, की दुखणं जुनं आहे, आणि आम्हांला पत्रांवर पत्रं. कालपर्यंत घोड्यावर बसत होते, आज अचानक दुखणं कुठून काढलंत?

तेव्हापासून माझ्या पटकथेत खोकल्यापुढे कंस असतो. ‘(हा खोकला कथेतला आहे. काढू नये.)’